‘जा’ नसलेला फलक

‘मी बोलतो आहे’ असे म्हणून आरंभ करण्याची रीत मला ठाऊक आहे. ती मला पाळता येत नाही, एवढेच. मी बोलत नाही. माझ्यावर बोट ठेवून दुसरे बोलतात. मी एक चित्रफलक आहे. ज्या मुलांच्या कंठातून शब्द फुटत नाहीत त्यांच्या मांडीवर मला ठेवतात, आणि ती मुले माझ्या अंगावरील चित्रांकडे बोट नेऊन आपली तहान, आपली भूक, आपला हट्ट सांगतात. ज्याच्या आधाराने इतरांना वाचा फुटावी तो स्वतः मुका असावा, हा विनोद कोणी योजला ते मला माहीत नाही. त्यात हसण्यासारखे फार थोडे आहे.

माझा जन्म कोणत्याही कारखान्यात झालेला नाही. विशेष मुलांच्या एका शाळेत कपाटाचे दार बदलले, त्यातून प्लायवूडचा एक तुकडा उरला, तो मी. सुतार मला बाहेर फेकणार, तोच तेथून स्पीचच्या ताई चालल्या होत्या. न बोलणाऱ्या मुलांना बोलते करणे हा त्यांचा व्यवसाय. शाळेत त्यांना सगळे याच नावाने ओळखत.

‘‘अहो, टाकू नका तो. मला द्या,’’ ताई म्हणाल्या.

‘‘याचं काय होणार, ताई?’’

‘‘याला बोलायला लावते.’’

‘‘मग एकदा आमच्याकडे या,’’ सुतार म्हणाला. ‘‘मेव्हणा मुक्कामाला आलाय. त्याला गप्प करून दाखवा, मग मानतो तुम्हाला.’’

ताईंनी माझ्या कडा पॉलिश पेपरने घासल्या, कोणा मुलाच्या बोटात कुसळ जाऊ नये म्हणून. मग त्यांनी पुठ्ठ्याचे चौकोन कापले, त्यांवर स्वतःच्या हाताने चित्रे काढली, खाली शब्द लिहिले, लॅमिनेशन केले आणि पाठीला वेलक्रो लावून ते माझ्यावर चिकटवले. मुलाची गरज बदलली की चौकोनही बदलता यावा, हा त्यामागील हेतू. पाणी, भूक, शू, दुखते, आई, आणखी, पुरे, हो, नाही, खेळ, ये, जा. एवढीच माझी शब्दसंपत्ती. एवढ्या भांडवलावर काही माणसे मोठमोठ्या सभा गाजवतात, असे मी पुढे पाहिले.

मला वाचायला कोणी शिकवले नाही. बोट चित्रावर पडे, त्याच वेळी ताई शब्द उच्चारीत, आणि चित्राखाली अक्षरे असत; या तिन्हींचा मेळ घालून मी स्वतः वाचायला शिकलो, आणि त्याचा मला अभिमान आहे. म्हणूनच सांगतो की ‘पाणी’ या शब्दातील ‘णी’ दीर्घ आहे. माझ्या अंगावर तो ऱ्हस्व आहे. ताई घाईत होत्या. इतकी वर्षे मी ते चुकीचे पाणी अंगावर वागवतो आहे. मुलांची तहान त्यानेही भागली, हे मान्य करतो. परंतु चूक ती चूक.

माझा पहिला धनी ‘साहेब’ या नावाने ओळखला जाई. तो बोट असे ठेवी, की समोरचा उठून उभाच राहावा. त्याचा आवडता चौकोन ‘जा’. उघडे दार आणि त्यातून बाहेर पडणाऱ्या माणसाची पाठ, असे त्यावरील चित्र होते. साहेब व्यायामाच्या सरांना ‘जा’ म्हणे, डबा भरवणाऱ्या मावशींना ‘जा’ म्हणे, खिडकीतील कावळ्यालाही म्हणे.

एकदा शाळा पाहायला कोणी मोठे पाहुणे आले. त्यांनी वाकून साहेबांच्या गालाला हात लावला. ‘‘काय रे बाळा, ओळखलंस का मला?’’

साहेबांनी बोट ठेवले. मुलाने बोट ठेवले की तो शब्द मोठ्याने उच्चारायचा, हा ताईंचा नियम. आणि ताई नियमाच्या पक्क्या.

‘‘जा,’’ ताई म्हणाल्या.

पाहुणे गेले. त्यांच्यामागून मोठ्या बाई, म्हणजे शाळेच्या मुख्याध्यापिका, ताईंच्या खोलीत आल्या. ‘‘अहो, निघालेल्या माणसालासुद्धा आपण ‘जा’ म्हणत नाही, ‘या’ म्हणतो. आणि तुम्ही पोरांना हे शिकवता? काढा तो चौकोन आधी!’’

‘‘पण बाई, मुलाला नको म्हणता आलं पाहिजे ना…’’

‘‘‘नाही’ आहे की! सभ्य शब्द आहे.’’

‘जा’ निघाला. त्या जागी हसऱ्या पिवळ्या चेहऱ्याचा ‘छान’ आला. आजतागायत एकाही मुलाने ‘छान’ला स्पर्श केलेला नाही. त्यावर बोट ठेवतात ती मोठी माणसे, आणि तीही मुलाचे बोट धरून.

या हकिगतीचा एक लाभ मात्र झाला. चौकोन गेल्यामुळे साहेबांची कुचंबणा झाली, आणि आठवडा उलटण्यापूर्वी त्यांनी तो शब्द तोंडाने उच्चारला. ताईंच्या डोळ्यांत पाणी आले. मोठ्या बाईंनी ‘‘दुसरा शब्द नव्हता का?’’ एवढेच विचारले. त्यानंतर साहेबांना माझी गरज उरली नाही. शेवटच्या दिवशी त्यांनी मला मांडीवरून ढकलले आणि स्पष्ट आवाजात म्हणाले, ‘‘जा.’’ आपल्याला कोणी असे घालवून द्यावे यासारखे भाग्य फलकाच्या वाट्याला क्वचित येते.

मग मी कपाटामागे गेलो. सोबतीला हवा गेलेला व्यायामाचा चेंडू आणि एक पाय मोडलेला वॉकर. त्या काळाविषयी लिहिण्यासारखे काही नाही. धूळ सर्वांवर सारखीच बसते, हा एक धडा मी तेथे घेतला.

ठकी आली तेव्हा ताईंनी मला बाहेर काढले, ओल्या फडक्याने पुसले आणि म्हणाल्या, ‘‘चला, साहेबांच्या खुर्चीवर आता बाईसाहेब आल्यात.’’

ठकी म्हणजे लाकडी बाहुली. हे नाव तिच्या आजोबांनी ठेवले, कारण जन्मतः तिचे डोळे कोणी रंगवल्यासारखे टपोरे होते. पुढे तिचे हातपाय ताठर आहेत, मान नीट धरत नाही, शब्द फुटत नाही, हे एकामागून एक लक्षात आले; तेव्हा नाव बदलावे असे तिच्या आईला वाटले. परंतु तोवर ठकी त्या नावाला हसू लागली होती. जे नाव ऐकून मूल हसते ते कोण बदलील?

ती चाकांच्या खुर्चीत बसे आणि मी तिच्यापुढच्या पाटावर. तिचा उजवा हात माझ्यापर्यंत येण्यास पुष्कळ वेळ लागे. आधी खांदा निघे, मग कोपर विचारात पडे, मग मूठ थरथरत पुढे सरके, आणि शेवटी त्या मुठीतून एक बोट वर येई. माझ्यावर ते टेकले म्हणजे त्यामागे केवढे कष्ट आहेत हे मला कळत असे. समोरच्यांना कळत नसे असे नाही. पण बहुतेकांना तेवढे थांबता येत नसे. ‘‘पाणी हवंय का? भूक लागली? शू आली का गं?’’ असे प्रश्नांवर प्रश्न येत, आणि बोट अर्ध्या वाटेत असतानाच उत्तरही तेच देऊन मोकळे होत. मी माणसांच्या अनेक सवयी पाहिल्या. उत्तराची वाट न पाहणे ही त्यांतली सर्वांत प्रेमळ आणि सर्वांत घातक.

शनिवार-रविवारी मी ठकीबरोबर तिच्या घरी जाई. घर तळमजल्यावर होते. बाहेरच्या खोलीत, दाराच्या अगदी जवळ, तिची खुर्ची असे. कारण तेथे वारा येई. या जागेमुळे पुढचे सर्व घडले, म्हणून ते बारकाईने सांगतो.

त्या दारातून बाहेर पडताना ‘जातो’ असे कोणीही म्हणत नसे. वडील कामावर निघताना तिच्या डोक्यावर टपली मारून म्हणत, ‘‘येतो गं ठके.’’ आई पिशवी उचलून म्हणे, ‘‘येते हं मी.’’ शेजारीण गप्पा आटोपून उठे आणि ‘‘बरं, येते’’ म्हणून आणखी अर्धा तास उंबऱ्यात उभी राही. एकदा तिचा मामा घाईत ‘‘जातो’’ म्हणाला, तर आजोबांनी त्याला दारातून परत बोलावले. ‘‘जातो काय म्हणतोस, गाढवा? येतो म्हण, येतो!’’

ठकी जन्मल्यापासून हे ऐकत होती. पायांत बूट चढतात, दार उघडते, माणूस म्हणतो ‘येतो’, आणि दिसेनासा होतो. यावरून तिने आपला कोश रचला. ‘ये’ म्हणजे दाराबाहेर पडणे. ‘ये’ म्हणजे निघणे. व्याकरण तिच्या विरुद्ध असेल. सारा व्यवहार मात्र तिच्या बाजूने होता.

माझ्यावर ‘जा’चा चौकोन असता, त्यावरील उघडे दार आणि बाहेर पडणारी पाठ तिला दिसली असती, तर तिने तो कदाचित ओळखलाही असता. तो नव्हता. ‘ये’ होता.

एका सकाळी आजोबा बूट घालत होते. ठकीचा खांदा हलला, कोपर वळले, बोट आले. ‘ये’.

आजोबांनी पाहिले. ‘‘अरे वा! येतेस? चल तर मग. एकट्याला कंटाळाच येतो.’’

आणि ते दोघे बाहेर पडले. वळणावरच्या शिंप्याचे दुकान, तेथे पायरीवर झोपलेले कुत्रे, बागेतला बाक. तेव्हापासून बाहेर जायचे झाले की ठकी ‘ये’वर बोट ठेवी आणि आजोबा ‘‘येतेस? चल’’ म्हणत. तिच्या लेखी तो शब्द दार उघडणारा ठरला. घरच्यांना त्यात वेगळे काही वाटले नाही, कारण वेगळे काही दिसतच नव्हते. दोघांचा अर्थ निराळा आणि परिणाम एक. अशा चुका सापडत नाहीत.

शाळेत तिची सकाळ वर्गात जात असे. वर्गाच्या बाई सगळ्या मुलांना सतरंजीवर गोल बसवीत, आणि प्रत्येकाने काल काय पाहिले ते सांगायचे असे. ठकीच्या खुर्चीला चिकटून एक मुलगी बसे. तिला सर्व जण ‘खारूताई’ म्हणत. ती एका जागी ठरत नसे आणि तिच्या तोंडाला खळ नसे. तिला अक्षर वाचता येत नव्हते, तरी मला वाचण्याचा मक्ता तिने स्वतःकडे घेतला होता.

ठकी ‘पाणी’वर बोट ठेवी. खारूताई ओरडे, ‘‘बाई, बाई, ठकी म्हणते, ती काल नदीत पडली!’’

‘‘अगं बाई! मग?’’ वर्गाच्या बाई विचारीत.

ठकी ‘आई’वर बोट नेई.

‘‘मग आईपण पडली!’’

ठकी हसे. सगळे अंग गदगदून, मान मागे टाकून, खुर्चीचे पट्टे करकरेपर्यंत हसे. आणि ते हसू ओसरले की तिचे बोट कष्टाने एकाच ठिकाणी येई: ‘आणखी’. मी पुष्कळ मुलांची पुष्कळ बोटे अंगावर घेतली आहेत. परंतु त्या ‘आणखी’तला आनंद मला दुसरीकडे कोठे भेटला नाही. खारूताईने सांगितलेले एकही वाक्य खरे नसे. ठकीचे बोलणे मात्र तेथेच होत असे.

आणि आता ताईंच्या खोलीविषयी. ताईंबद्दल माझ्या मनात काडीइतकाही राग नाही, हे प्रथम नमूद करतो. त्यांनीच मला घडवले. मुलांसाठी त्यांचा जीव तुटे. पण त्यांच्या खोलीत आवाज चालत नसे. लक्ष विचलित होऊ नये म्हणून दार बंद, खिडकीला पडदा. वर्गाचा गोल भरात असतानाच ठकीला तेथे आणत, कारण ताईंना तीच वेळ मोकळी होती. भिंतीपलीकडून खारूताईचा आवाज ऐकू येई.

ठकी बंद दाराकडे पाही आणि माझ्यावर बोट ठेवी. ‘ये’.

‘‘ये?’’ ताई मोठ्याने उच्चारीत. ‘‘मी येऊ? आले, आले, ही बघ आले!’’ आणि खुर्ची पुढे ओढून बसत.

ठकी थबके. पुन्हा खांदा, कोपर, मूठ. ‘ये’.

‘‘अजून जवळ? अगं माझी सोनी!’’ ताई तिच्या गालाला गाल लावीत.

मी काय करू शकत होतो? शब्द माझ्या अंगावर होता, अर्थ मला ठाऊक होता, आणि तो सांगण्याची कोणतीही सोय माझ्यात नव्हती. एकदा पाट कलला तेव्हा मी सर्व भार एका बाजूला टाकून खाली घसरलो, दाराच्या दिशेने. तेवढाच निषेध. ताईंनी मला उचलले, फुंकर मारली आणि होतो तेथे ठेवले. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

वर्षातून एकदा शाळेत प्रत्येक मुलाची बैठक होत असे. येत्या वर्षात त्याला कोणती थेरपी द्यायची, किती वेळ, कोणी, वर्गात कोणती मदत ठेवायची, हे सर्वांनी मिळून ठरवायचे. हेतू उत्तम. ठकीच्या बैठकीला तिची आई आणि आजोबा आले होते. मोठ्या बाई, वर्गाच्या बाई, ताई आणि व्यायामाचे सर गोल मेजाभोवती बसले. चहा आला. मला ठकीसमोर, मेजाच्या कडेला ठेवले होते. आजोबांनी नकळत आपला कप माझ्या ‘छान’वर ठेवला.

ताईंनी सुरुवात केली. ‘‘मी इतकी वर्षं हे काम करतेय. पण एखादं मूल स्वतःहून, सारखं सारखं, ‘ये’ म्हणून बोलावतंय, हे मी पहिल्यांदा बघतेय. मी जवळ गेले तरी परत ‘ये’. माझं मत विचाराल तर तिची पूर्ण सकाळ मला द्या. गोलातून काढून वैयक्तिक सत्रं. तिला तेच हवंय.’’

आईने हातातला रुमाल घट्ट धरला. ‘‘आणि तिची ती मैत्रीण? खारूताई? घरी तिचं नाव काढलं तरी हसते हो.’’

‘‘मैत्रीण कुठे पळून जात्येय? मधल्या सुट्टीत भेटेल की,’’ मोठ्या बाई म्हणाल्या.

‘‘मधल्या सुट्टीत माझ्याकडे असते ती, व्यायामाला,’’ सर हळूच म्हणाले, आणि त्यांनी चहाचा घोट घेतला.

वर्गाच्या बाई इतका वेळ पेनचे टोपण उघडत आणि मिटत होत्या. ‘‘मला एक कळत नाही. वर्गात ती ‘ये’ म्हणतच नाही. ‘आणखी’ म्हणते. तिथे ती खुलते. निदान मला तसं वाटतं.’’

‘‘मी तेच तर म्हणतेय,’’ ताई म्हणाल्या. ‘‘तुमच्याकडे ती कुणाला हाकच मारत नाही. माझ्याकडे मारते. संवाद कुठे झाला मग?’’

वर्गाच्या बाईंपाशी याला उत्तर होते, पण ते ठकीच्या हसण्याच्या रूपात होते, आणि हसणे बैठकीत मांडता येत नाही.

तेव्हा मोठ्या बाईंनी एक अतिशय न्याय्य सूचना केली. ‘‘आपण का भांडतोय? मुलगी समोर आहे. तिलाच विचारू.’’ त्या ठकीकडे वळल्या आणि एकेक शब्द सावकाश उच्चारीत म्हणाल्या, ‘‘ठके, बाळा, सांग बरं. सकाळी तुला वर्गात बसायचं, की ताईंच्या खोलीत?’’

मी मनातल्या मनात कपाळावर हात मारला. हात आणि कपाळ, दोन्ही माझ्यापाशी नाहीत, हे सोडा. ‘वर्ग’ असा चौकोन माझ्यावर नव्हता, ‘ताईंची खोली’ असाही नव्हता. ज्याचे उत्तर देण्याची साधनेच दिलेली नाहीत असा प्रश्न मोठ्या आदराने तिच्यापुढे ठेवला होता. तरीही ठकीने तो ऐकला. शेवटचे शब्द तिच्या कानांत होते: ताईंच्या खोलीत. खांदा हलला. या वेळी सगळे थांबले. पहिल्यांदाच, खरोखर, सगळे थांबले.

बोट ‘नाही’वर आले.

‘‘नाही,’’ ताईंनी उच्चारले.

बोट उचलले गेले. हात थरथरत खाली सरकला. ठकीने एकदा दाराकडे पाहिले, आणि सर्व बळ एकवटून बोट टेकवले.

‘‘ये,’’ ताई म्हणाल्या.

‘ताईंची खोली नको. मी निघाले.’ याहून स्वच्छ वाक्य मी आयुष्यात अंगावर वागवलेले नाही.

‘‘झालं तर!’’ मोठ्या बाई खुर्चीत मागे टेकल्या. ‘‘वर्ग नाही. ताई, ये. हातच्या कांकणाला आरसा कशाला?’’

ताई उठून ठकीला बिलगल्या. सरांनी टाळी वाजवली. आईचे डोळे भरले. ‘‘ती स्वतःच्या तोंडाने मागतेय म्हटल्यावर… म्हणजे स्वतःच्या बोटाने… आम्ही कोण नाही म्हणणारे?’’ आणि आजोबा अभिमानाने म्हणाले, ‘‘घरीसुद्धा तिचं हेच चालू असतं. सारखं ये, ये. माणसांची फार आवड पोरीला!’’

ध चा मा करणाऱ्याच्या मनात निदान काळेबेरे असते. येथे प्रत्येकाच्या मनात माया होती. म्हणून तर उपाय नव्हता.

सह्या झाल्या. आई पिशवी खांद्याला लावून उठली. ‘‘येते हं, ताई. येतो आम्ही, बाई.’’ आणि मोठ्या बाई हात जोडून म्हणाल्या, ‘‘या, या.’’ तो शब्द, त्याच अर्थाने, त्याच खोलीत, त्याच माणसांच्या तोंडून निघाला आणि दारातून बाहेर गेला. कोणाच्या कानाला तो टोचला नाही. माझ्या अंगावर आजोबांच्या कपाचे ओले वर्तुळ तेवढे राहिले.

त्यानंतर ठकीची सकाळ बंद दाराआड जाऊ लागली. आरंभी ती ‘ये’ म्हणे, पुन्हा म्हणे, पुन्हा पुन्हा म्हणे. प्रत्येक वेळी ताई अधिक जवळ येत. दार जेथल्या तेथे. भिंतीपलीकडे गोल भरे. खारूताईने दोनचार वेळा दार ठोठावले. ‘‘आत काम चाललंय, राणी,’’ असे गोड उत्तर मिळाल्यावर तिने तेही सोडले. एके दिवशी पलीकडून तिचा आवाज आला, ‘‘बाई, बाई, हा म्हणतो, तो काल झाडावरून पडला!’’ ती आता दुसऱ्याच कोणाला तरी वाचत होती. मुले थांबत नाहीत, आणि त्यांनी थांबूही नये.

हळूहळू ठकीचे बोट ‘ये’कडे कमी जाऊ लागले. मग जाईनासे झाले. पुढच्या आढाव्यात ताईंनी समाधानाने सांगितले की मागणी थांबली, याचा अर्थ गरज पूर्ण होत आहे. सर्वांनी मान डोलावली. वर्गाच्या बाईंनी एवढेच विचारले, ‘‘हसते का ती?’’ ‘‘शांत झालीय,’’ ताई म्हणाल्या. तेही लिहून घेण्यात आले, प्रगती या सदराखाली.

आणि आजची गोष्ट.

ताई फोनवर बोलण्यासाठी पडद्याकडे वळल्या होत्या. ठकीचा खांदा हलला. किती दिवसांनी! मी आतून ताठ झालो. बोट आले, ‘ये’वर आले, पण टेकले नाही. ते चौकोनाच्या कडेखाली शिरू लागले. ज्या बोटाला नुसते टेकायला इतके कष्ट, ते बोट आता नख घालून कड उचलत होते. निसटे, पुन्हा शिरे. तिच्या कपाळावर घाम आला, ओठांच्या कोपऱ्यातून लाळ हनुवटीवर आली. वेलक्रो एका टोकाला सुटला, तेव्हा माझ्या अंगातून कर्रर असा आवाज निघाला. इतक्या वर्षांत एखाद्या मुलाच्या बोटाने माझ्यातून काढलेला हा पहिला आवाज. मग दुसरे टोक. ठकीने मूठ आडवी फिरवली आणि ‘ये’ पाटावरून खाली पडला.

ती खाली पाहत राहिली. हसली नाही, रडलीही नाही. जो शब्द दार उघडत नाही, तो तिने परत केला होता.

ताई वळल्या. ‘‘अगंबाई, पडला वाटतं! जुना झालाय ना वेलक्रो.’’ त्यांनी चौकोन उचलला, आपल्या पदराने पुसला. खणातून गोंदाची बाटली काढली आणि भरपूर गोंद लावून तो माझ्यावर घट्ट दाबला. ‘‘आता नाही हो पडणार. तुझा लाडका शब्द ना तो?’’ ठकी दाराकडे पाहत होती. ताईंनी तिचे बोट हळुवार हातात घेतले आणि ‘छान’वर टेकवले.

वाचकहो, तुम्ही मला वाचता आहात म्हणजे तुम्हाला अक्षरे येतात. अक्षरे येणाऱ्याला आपल्याला सारेच कळते असे वाटू लागते. मलाही वाटत असे. म्हणून हात जोडून, म्हणजे मला हात असते तर ते जोडून, एकच मागणे मागतो. ज्याला थोडेच शब्द दिले आहेत, त्याच्या शब्दाचा अर्थ आपल्या कोशात शोधू नका. तो शब्द त्याने कोठे ऐकला, कोणाच्या तोंडून, कोणत्या दारापाशी, ते जाऊन पाहा. त्याच्या घरी एक सकाळ बसा. आणि आज तुम्ही स्वतःच्या घरातून निघताना काय म्हणालात, ते एकदा आठवा.

ताईंनी दिवा मालवला आहे. ठकीला खुर्चीसकट बाहेर नेले आहे. मी मेजावर उताणा पडलो आहे. गोंद वाळतो आहे, आणि जसजसा वाळतो तसतसा तो शब्द माझ्या अंगात अधिक खोल रुतत चालला आहे.